वाऱ्यात होडी आडवी पडून पळते : ड्रिफ्ट सॉक किती मोठा घ्यायचा आणि कुठे बांधायचा?

गरी_दोरी

नमस्कार मंडळी,

होडी १६ फुटी (४.९ मीटर), फायबरची, तळ बऱ्यापैकी सपाट. मागे १५ एचपीचं हँडलवालं आउटबोर्ड इंजिन. दोन माणसं, पेट्रोल, सामान धरून एकूण वजन ५५० किलोच्या आसपास. पुढच्या भागावर कापडी छत आहे, काढता येतं. मासेमारी तळाची, ७ ते १० वाव (१३ ते १८ मीटर) पाण्यात, ६० ग्रॅम शिसं लावून.

वारा १० नॉटच्या (१ नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) आत असला की काही अडचण नाही. १५ नॉटच्या आसपास गेला की इंजिन बंद करताच होडी वाऱ्याला आडवी पडते, जीपीएस १.२ ते १.४ नॉट दाखवतं, शिसं तळाला टिकत नाही आणि दोरी तिरकी होऊन निघून जाते. शिवाय आडवी म्हणजे पूर्ण आडवीसुद्धा नाही. नाळ (होडीचं पुढचं टोक) हळूहळू वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो तिकडे, जाते आणि होडी तिरपी पुढे सरकत राहते. २० लिटरची बादली दोरीला बांधून सोडून पाहिली. ती गोल फिरते, मधेच उसळून वर येते, वेगात फरक नगण्य.

विचारायचं आहे ते असं : ड्रिफ्ट सॉक (पाण्यात सोडून होडीचा वेग कमी करणारा कापडी शंकू) किती व्यासाचा घ्यावा? नाळेला बांधावा, मध्ये की मागे? इंजिन पाण्यात ठेवायचं की उचलायचं? आणि कितीच्या वाऱ्यात हा उद्योग सोडून परत फिरावं?

---

वाव_मोजणारा

सॉक विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा : होडी वाऱ्याने पळते आहे की पाण्याच्या ओढीने? सॉक होडीला पाण्याशी बांधतो, जमिनीशी नाही. पाणीच १ नॉटने चाललं असेल तर कितीही मोठा सॉक टाका, जीपीएस १ च्या खाली येणार नाही. उलट मोठ्या सॉकमुळे होडी ओढीबरोबर आणखी इमानदारीने जाते.

तपासायला पाच मिनिटं लागतात. इंजिन न्यूट्रलला टाका, शिसं निम्म्या खोलीपर्यंत सोडा, तळाला टेकू देऊ नका. दोरी अधांतरीच तिरकी होत असेल तर होडी पाण्यातून सरकते आहे, म्हणजे वारा. अधांतरी दोरी सरळ राहते, पण शिसं तळाला टेकताच मागे पडायला लागते, तर पाणी आणि होडी दोघं मिळून चालली आहेत, म्हणजे ओढ. (वरच्या आणि तळाच्या पाण्याची ओढ वेगळी असली तर ही चाचणी थोडी फसवते. मग तीनचतुर्थांश पाणी भरलेली बाटली बाजूला टाका आणि होडी तिच्यापासून किती झपाट्याने दूर जाते ते बघा.) जीपीएसवरची दिशाही पाहा. वारा ज्या दिशेला वाहतो त्याच रेषेत ट्रॅक पडत असेल तर दोष वाऱ्याचा. ट्रॅक ३०-४० अंश बाजूला पडत असेल तर दोन्हीचा, किंवा नाळ खाली जाऊन होडी पुढे घसरते आहे त्याचा.

तुमच्या वर्णनावरून मुख्य गुन्हेगार वाराच वाटतो. तसं धरून हिशेब मांडतो. आकडे अंदाजी आहेत, पण निवड करायला पुरतात.

होडी आडवी असताना बाजू, माणसं आणि छत मिळून सुमारे ४.५ चौरस मीटर वारा झेलतात. १५ नॉट म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. यातून सुमारे १८ किलोचा रेटा बसतो. त्याला अडवायला पाण्याखालचा होडीचा भाग फक्त ४.८ मीटर लांब आणि २० सेंटिमीटर खोल, जेमतेम १ चौरस मीटर. हे दोन्ही जिथे जुळतात तो वेग येतो साधारण १.२ नॉट. तुमच्या जीपीएसशी मेळ बसतोच आहे.

आता याच आडव्या स्थितीत सॉक जोडत गेलं तर :

१ मीटर व्यासाचा एक : सुमारे ०.८५ नॉट
१.२५ मीटरचा एक : सुमारे ०.७५ नॉट
१.२५ मीटरचे दोन : सुमारे ०.६ नॉट

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग निम्मा करायचा तर एकूण विरोध चौपट लागतो. दुसरा सॉक पहिल्याइतकं काम कधीच करत नाही. आणि तुमची बादली? तिचं तोंड ३० सेंटिमीटरचं, क्षेत्रफळ ०.०७ चौरस मीटर. १.२५ मीटरच्या एका सॉकची बरोबरी करायला अशा १७ बादल्या लागतील. शिवाय तिच्या बुडाला भोक नाही, त्यामुळे पाणी काठावरून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने सुटतं आणि ती हेलकावे खात वर येते.

खरी गंमत पुढे आहे. तोच १.२५ मीटरचा एक सॉक नाळेला बांधून होडीचं तोंड वाऱ्याकडे केलं, तर वारा झेलणारा भाग ४.५ वरून २ चौरस मीटरच्या आत येतो आणि रेटा १८ किलोवरून ६ वर. वेग उरतो ०.५ नॉटच्या जवळपास. म्हणजे होडीचं तोंड फिरवणं हे दुसरा सॉक घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचं. आधी तोंड कुठे ठेवायचं ते ठरवा, व्यास नंतर. तुमच्या होडीला १.२ ते १.२५ मीटर योग्य. त्याहून मोठा हाताळायला त्रास.

आणि छत काढा. ते पुढे आहे, म्हणूनच नाळ खाली पडते.

---

नाळेवरचा

वरच्या हिशेबाशी सहमत. बांधणीचं मी लिहितो, कारण चांगला सॉक चुकीच्या जागी बांधून लोक त्याला नावं ठेवतात.

आधी सॉक बघून घ्या. शंकूच्या आकाराचं नायलॉन किंवा पीव्हीसी लेपाचं कापड, मोठं तोंड पुढे, लहान भोक शेपटीला. १.२ मीटर तोंडाला शेपटीचं भोक १२ ते १५ सेंटिमीटर असावं. ते नसेल तर तुमच्या बादलीचंच थोरलं भावंड होईल. तोंडाच्या पट्ट्या शिवणीपाशी संपलेल्या नकोत, शंकूच्या लांबीभर मागपर्यंत शिवलेल्या हव्यात. तोंडापासून फिरकीपर्यंत (दोर पिळू न देणारा गोल फिरणारा जोड) पट्ट्यांची लांबी किमान तोंडाच्या व्यासाइतकी, नाहीतर तोंड पूर्ण उघडतच नाही. खालच्या काठाला ३०० ते ५०० ग्रॅम शिसं, वरच्या काठाला लहान फ्लोट. त्यामुळे सॉक पिळत नाही आणि सोडल्यावर लगेच उघडतो. पट्ट्या जिथे एकत्र येतात तिथे फिरकी हवीच. नाहीतर तासाभरात दोर दोरखंडासारखा वळून बसतो.

दोर : १० मिमी नायलॉन. ताकदीसाठी ८ मिमीसुद्धा भरपूर झाला, पण ओला बारीक दोर तळहात कापतो. नायलॉन ताणला जातो, त्यामुळे लाटेचा झटका थोडा मुरतो. लांबी ६ ते ८ मीटर. फार आखूड ठेवला तर सॉक होडीच्या कुशीत येऊन पृष्ठभागावर लोळतो आणि मिटतो. दोर सैल-ताठ, सैल-ताठ असा झटके देत असेल तर होडी लाटेच्या माथ्यावर असताना सॉक खळग्यात आहे. दोर एक-दोन मीटर सोडा किंवा ओढा, झटके कमी होतात. आकडा पाठ करण्यात अर्थ नाही, कारण लाटेची लांबी वाऱ्याबरोबर बदलते.

शेपटीला वेगळी दोरी बांधा, म्हणजे काढण्याची दोरी. ६ मिमी, तरंगणारी पॉलिप्रॉपिलीनची, मुख्य दोरापेक्षा चारेक मीटर लांब, म्हणजे पट्ट्यांची आणि शंकूची लांबीही त्यात भागते. ही नेहमी सैल राहिली पाहिजे. ताणली गेली तर सॉक उलटा होतो आणि वेग अचानक का वाढला ते कळत नाही. काढताना मुख्य दोर न ओढता हीच ओढायची. तोंडाकडून उचलायचा प्रयत्न करू नका : १.२ मीटर तोंड आणि दीड मीटर लांबीच्या शंकूत ५५० लिटरहून जास्त पाणी असतं. तुमच्या भरलेल्या होडीच्या वजनाइतकं.

आता जागा. तीन पर्याय.

नाळेच्या कडीला : होडी तोंड वाऱ्याकडे करून मागे मागे सरकते. सर्वात हळू आणि लाटेत सर्वात सुरक्षित. तोटा असा की दोघांना मिळून मासेमारीला जागा कमी. दोऱ्या होडीच्या मागे न जाता पुढच्या बाजूला, सॉकच्या दिशेने तिरक्या होतात. त्यामुळे एकाने उजव्या आणि एकाने डाव्या कुशीला मधोमध उभं राहायचं आणि गऱ्या सॉकच्या दोरापासून लांब ठेवायच्या.

कुशीला, लगामाने : पुढच्या क्लीटपासून (दोर बांधायचा खुंटा) मागच्या क्लीटपर्यंत वाऱ्याकडच्या बाजूने एक दोर लावायचा, होडीच्या लांबीच्या सव्वापट. त्यावर कडी, कडीला सॉक. कडी पुढे सरकवली की नाळ वाऱ्याकडे वळते, मागे सरकवली की मागचं टोक वळतं. कडी आपोआप सरकू नये म्हणून लगामात हवी तिथे फासा घालून त्यात अडकवा. तुमची नाळ खाली जाते, म्हणून मध्यापासून अर्धा मीटर पुढे ठेवून सुरुवात करा. दोन मिनिटं थांबा, ट्रॅक बघा, मग २०-२० सेंटिमीटरने बदला. लगेच लगेच हलवत बसलात तर काहीच कळणार नाही, होडीला स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो.

आडव्या होडीत एक सापळा आहे. दोऱ्या वाऱ्याकडच्या बाजूने मोकळ्या जातात, आडोशाच्या बाजूने टाकल्या तर होडीखाली शिरतात. साहजिकच दोघंही वाऱ्याकडच्या काठावर येऊन उभे राहतात. होडी त्याच बाजूला कलते, आणि लाटाही त्याच बाजूने येतात. त्यातून सॉकचा दोरही तो काठ खाली ओढत असतो. एकाने नेहमी मध्यरेषेवर बसायचं, हा नियम करून टाका.

जागा कोणतीही असो, गाठ ओढताच सुटणारी हवी. क्लीटवर शेवटची अढी फासा ठेवून मारा. सुरी हाताशी.

---

शांत_पाणी

इतकं सगळं करायची गरज नाही. सॉक सरळ मागच्या क्लीटला बांधा, इंजिनशेजारी. हाताशी राहतो, नाळेपर्यंत चढउतार नको, होडी नाळ पुढे करून सरळ जाते आणि दोऱ्या व्यवस्थित मागे राहतात.

---

नाळेवरचा

@शांत_पाणी, बंदिस्त तळ्यात, १० नॉटच्या आत, वीतभर लाटेत हे चालतं. प्रश्न १५ नॉटचा आहे आणि तिथे हा सल्ला धोक्याचा आहे.

सॉक मागे बांधला की होडीची पाठ वाऱ्याकडे, म्हणजे लाटांकडे होते. इंजिन बसतं ती मागची फळी हा होडीचा सर्वात बुटका काठ, आणि इंजिनचं व माणसाचं वजनही तिथेच. लाट आली की होडीने मागून वर उचललं जायला हवं, पण सॉक तिला नेमकं त्याच क्षणी खाली धरून ठेवतो. एक लाट आत आली की २०-३० लिटर पाणी, ते मागेच साचतं, काठ आणखी खाली, दुसरी लाट आणखी सहज आत. तिसरी मोजायला वेळ मिळत नाही. शिवाय दोर पंख्यापासून हाताच्या अंतरावर. घाबरून इंजिन चालू केलं की दोर पंख्यात, इंजिन बंद, आणि पाठ वाऱ्याकडे बांधलेलीच.

मागून उसळणाऱ्या लाटेत चालती बोट सरळ ठेवायला मागे ड्रोग (सॉकसारखाच, पाठीमागे ओढायचा अडसर) सोडतात हे खरं, पण ती बंद डेकची मोठी बोट असते. उघड्या १६ फुटीला तो नियम लावू नका.

---

शांत_पाणी

मान्य. मी तळ्याचाच विचार करत होतो. १५ नॉट वाचायचं राहिलं.

---

हँडल_हातात

इंजिनच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तो मी घेतो.

पाण्यात उतरवलेलं आउटबोर्ड मागच्या टोकाला एक उभी फळी असल्यासारखं वागतं. ते मागचं टोक पाण्यात धरून ठेवतं, मग हलकी नाळ वारा खाली ढकलतो. तुमची होडी तिरपी पुढे घसरते त्याचं अर्धं कारण हे, अर्धं कारण छत. इंजिन वर उचललं की मागचं टोक मोकळं होतं आणि उचललेलं इंजिन थोडा वाराही झेलतं, म्हणून मागचं टोक खाली जाऊन नाळ तुलनेने वर येते. कुशीला सॉक असेल तर इंजिन हे बारीक फेरफाराचं साधन आहे : पूर्ण खाली, अर्धं वर, पूर्ण वर. प्रत्येक वेळी होडीचा कोन बदलतो. फुकटचं आहे, आधी हेच करून बघा. पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी मागून मध्यापुढे सरकवली की नाळ खोल बसते, त्यानेही फरक पडतो.

सॉक नाळेला असेल तर इंजिन उचललेलं बरं. होडी उलटी, मागचं टोक पुढे करून चाललेली असते, आणि चालण्याच्या दिशेला फळी असली की ती सरळ राहत नाही, डावी-उजवी हेलपाटे घेते. उचलायचं नसेल तर हँडल मधोमध घट्ट बांधून ठेवा, काम भागतं. खडक किंवा किनारा वाऱ्याखाली जवळ असेल तर मात्र हेलपाटे परवडले, इंजिन खालीच ठेवा.

सॉकशिवायचा मार्ग : इंजिन हळू चालू ठेवून होडी आवरणं. नाळ वाऱ्याच्या रेषेपासून २०-३० अंशावर ठेवायची, गिअर ३-४ सेकंद पुढे, मग न्यूट्रल. दोरी सरळ झाली की थांबायचं, तिरकी व्हायला लागली की पुन्हा गिअर. जीपीएसच्या आकड्याकडे बघत बसू नका, तो काही सेकंद मागे असतो. दोरीचा कोन लगेच सांगतो. यात एक माणूस पूर्ण अडकतो, हाच तोटा. काही जण रिव्हर्समध्ये पाठ वाऱ्याला लावून हेच करतात. दोरी डोळ्यासमोर राहते खरी, पण ३० सेंटिमीटरच्या लाटेलाच मागच्या फळीवरून पाणी यायला लागतं.

नाळेवर बसणारी, जीपीएसने जागा धरून ठेवणारी इलेक्ट्रिक मोटर घ्यायचा विचार असेल तर निवडीचा ढोबळ नियम १०० पाउंड वजनाला २ पाउंड थ्रस्ट, म्हणजे मोटरचा रेटा. ५५० किलोला तो २४ पाउंड येतो. वाव_मोजणारा यांच्या आकड्यांशी ताडून बघा : तोंड वाऱ्याकडे असताना १५ नॉटला ६ किलो, म्हणजे १३ पाउंड. ठीक. पण २० नॉटचा झोत आला की रेटा पावणेदोनपट, २३ पाउंड. मोटर संपली. आणि होडी एकदा आडवी झाली की ४० पाउंड, मग ती परत तोंड फिरवूच शकत नाही. म्हणून ५५ पाउंडच्या खाली घेऊ नका. ५५ ची १२ व्होल्टची मोटर पूर्ण जोरात ५० अँपिअरच्या आसपास खाते. १०० अँपिअर-तासाची लेड बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे पूर्ण जोरात तासभर. सॉक कुशीला लावून मोटरने फक्त दिशा सांभाळली तर तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. सॉक आणि मोटर दोन्ही नाळेला कधीच नको. दोर मोटरच्या पंख्यात जाणार हे ठरलेलं.

---

गरी_दोरी

सगळ्यांचे आभार. निम्म्या खोलीची चाचणी केली : वारा १४ नॉट, दोरी अधांतरीच तिरकी. म्हणजे वाराच. छत काढून इंजिन पूर्ण उचललं, तेवढ्यानेच १.३ चं १.०५ झालं आणि पुढे घसरणं जवळपास थांबलं. सॉक १.२ मीटरचा घेतोय.

उरलेले दोन प्रश्न. साखळी तळावर ओढत न्यायची पद्धत ऐकली, ती कशी? आणि ओहोटी वाऱ्याच्या उलट असेल तेव्हा सॉकचं काय होतं?

---

वाव_मोजणारा

साखळी : २-३ मीटर जड साखळी रबरी नळीत घालून (खडखडाट आणि अडकणं दोन्ही कमी होतं) नाळेवरून तळाला सोडतात. ती जमिनीला घासत जाते, म्हणून ओढीलाही थोडा आळा बसतो, जे सॉकला कधी जमत नाही. पण १० वावात खाली सोडायला आणि वर घ्यायला जीव जातो. फक्त वाळू किंवा चिखल असेल तिथेच. खडक, प्रवाळ, गवत, केबल असेल तिथे अजिबात नाही, तळाचंही वाटोळं होतं. बांधायची फक्त नाळेला आणि मध्ये एक बारीक दोरीचा तुकडा घालून, म्हणजे अडकलीच तर तो तुटेल. कुशीला बांधलेली साखळी खडकात अडकली तर होडी त्या काठावर पाणी प्यायला लागते.

एकाच जागेवर थांबायचं असेल तर साखळी ओढत बसण्यापेक्षा सरळ नांगर टाका. १५ मीटर पाण्याला पाचपट दोर म्हणजे ७५ मीटर, वाऱ्यात सातपट म्हणजे १०५, त्यात पहिले ३ ते ५ मीटर साखळी. नाळेवरूनच.

उलट ओहोटी : वारा पूर्वेकडे ढकलतो आणि पाणी पश्चिमेला चाललंय असं समजा. सॉक टाकला की पाणी जिंकतं. होडी ०.३-०.४ नॉटवर येते, कधी वाऱ्याच्या विरुद्धही सरकते. मासेमारीला हे फार सोयीचं वाटतं, आणि तिथेच फसगत आहे, कारण वारा पाण्याच्या उलट असताना लाटा आखूड आणि उभ्या होतात. कुशीचा लगाम लगेच सोडून सॉक नाळेला न्या. ओहोटीचा जोर वाढताना लाट अर्ध्या तासात बदलते, तेव्हा जीपीएसचा कमी आकडा पाहून निर्धास्त राहू नका.

वारा आणि ओढ एकाच दिशेला असतील तर सॉक वाऱ्याचा भाग कापेल, ओढीचा राहील. तिथे शिसं वाढवणं, दोरी बारीक करणं हाच उपाय. जाड दोरी पाण्याची ओढ जास्त खाते, म्हणून त्याच ताकदीची बारीक ब्रेड (विणलेली दोरी) लावली तर शिसं न वाढवता बऱ्याचदा ६० ग्रॅममध्येच भागतं. आणि होडी ज्या दिशेला सरकते त्या दिशेला गरी फेका, शिसं तळाला पोचेपर्यंत होडी तिच्या डोक्यावर येते. मागे फेकलेली गरी तळाला पोचायच्या आधीच तिरकी झालेली असते.

---

हँडल_हातात

एक हिशेब जाता जाता. १ नॉट म्हणजे मिनिटाला ३१ मीटर. १०० मीटरचा खडक असेल तर सव्वातीन मिनिटांत पार. ०.६ नॉटला साडेपाच मिनिटं. म्हणून सॉक खडकावर पोचून टाकू नका. ५०-६० मीटर वर, वाऱ्याकडे टाका, तो उघडून होडी स्थिर होईपर्यंत खडक खाली येतो. पहिल्या फेरीचा ट्रॅक जीपीएसवर ठेवला की दुसऱ्या फेरीला किती बाजूला सरकून सुरू करायचं ते आयतं दिसतं.

परत वर जाताना सॉक पूर्ण आत घेतल्याशिवाय गिअर टाकायचा नाही. तरंगणारी दोरी तरंगते म्हणून दिसते, आणि तरंगते म्हणूनच पंख्यात जाते.

---

गरी_दोरी

क्लीट साध्या स्क्रूने फायबरवर बसवलेली आहेत. चालतील का?

---

नाळेवरचा

नाही. १० मिमी नायलॉन सुमारे दोन टनांना तुटतो. तुमचे स्क्रू त्याच्या कितीतरी आधी उपटून येतील. १८ किलो हा शांत रेटा झाला, लाटेच्या झटक्यात तो अनेक पट होतो. आरपार बोल्ट, खाली मोठा वायसर किंवा जाड प्लायची पट्टी, भोकाला सीलंट. नाळेची कडी आरपार आहे का तेही आतून बघून घ्या.

परत कधी फिरायचं, हा प्रश्न राहिला होता. आकडा नसला तरी पाणी सांगतं. पांढरे फेस तुरळक : ७ ते १० नॉट, कुशीला सॉक चालेल. फेस बऱ्यापैकी ठिकठिकाणी : ११ ते १६, सॉक नाळेला. जिकडे बघाल तिकडे फेस : १७ च्या वर, सॉक आत घ्या आणि निघा. उघड्या १६ फुटीला त्यापुढे सॉकचा उपयोग एकच, इंजिन बंद पडलं तर. तेव्हा नाळेला बांधून सोडला की तोंड लाटेकडे राहतं आणि किनाऱ्याकडे वाहत जाण्याचा वेग निम्म्याच्या खाली येतो, तेवढ्यात प्लग बदलता येतो. म्हणून तो दोर जोडलेल्या स्थितीत, नाळेजवळच्या कप्प्यात सर्वात वर ठेवा. जाळ्याखाली, बर्फाच्या पेटीखाली नको.